प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो
वऱ्हाडातील तरुणांनी ओळखावा असा आतड्याचा कर्करोग

अमरावती/अकोला (प्रतिनिधी) : बडनेऱ्याहून मूर्तिजापूर, बोरगाव मंजूमार्गे अकोल्याकडे निघालेल्या प्रवाशाला भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि बसस्थानकांच्या आवारात एक मजकूर हमखास वाचायला मिळतो. मूळव्याध, भगंदर, फिशर. बिनऑपरेशन, शर्तिया इलाज. या मजकुरात न लिहिलेली गोष्ट अशी की, ज्या लक्षणासाठी रुग्ण या फलकाकडे वळतो, तेच लक्षण मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाचेही असते. शौचावाटे रक्त पडणे हे ते लक्षण होय. साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांच्या मनात निदान शंका तरी येते. तिशी-पस्तिशीतल्या तरुणाच्या बाबतीत ती रुग्णाच्या मनात येत नाही, घरच्यांच्या येत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही येत नाही.

समजा, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील दालमिलमध्ये काम करणारा ३४ वर्षांचा एक तरुण आहे. उन्हाळ्यात त्याला शौचातून रक्त दिसते. 'गरमी झाली' असे म्हणून तो ताक आणि सब्जा घेतो. पावसाळ्यात रक्त पुन्हा दिसते, तेव्हा औषध दुकानातून मलम आणि गोळ्या आणल्या जातात. दिवाळीच्या सुमारास आव पडल्यासारखे होते, दिवसातून चारदा जावे लागते, तरीही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. मग कोणीतरी मूळव्याधीच्या दवाखान्याचा पत्ता देतो. तेथे इंजेक्शन किंवा दोरा, थोडे दिवस बरे, पुन्हा तेच. वजन सहा-सात किलो उतरल्यावर तो मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. तोवर वर्ष सरलेले असते. हे उदाहरण कल्पित असले तरी यातील एकही पायरी वऱ्हाडातील वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

आजार होतो तरी कसा?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. त्याचा शेवटचा, गुदद्वाराच्या वरचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. आतड्याच्या आतील अस्तरातील पेशी सतत झडतात आणि नव्या तयार होतात. या नूतनीकरणाच्या कामात जनुकांमध्ये चुका साचत गेल्या की अस्तरावर लहानसा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप घातक नसतात. परंतु त्यांपैकी काहींचे कर्करोगात रूपांतर होते आणि त्यास सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. या आजाराची सर्वांत आशादायक बाब हीच आहे. पॉलिप असतानाच दुर्बिणीतून काढून टाकला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो. फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत असे म्हणता येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मूळव्याध ही गुदद्वाराजवळील रक्तवाहिन्यांची सूज होय. तिचा पुढे कर्करोग होत नाही. मात्र एकाच माणसाला मूळव्याधही असू शकते आणि वर मलाशयात गाठही असू शकते. मूळव्याध सापडली म्हणून तपास तेथेच थांबवणे, ही चूक त्यामुळेच महागात पडते.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सर्व प्रकारचे मिळून सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले. त्यांत मोठे आतडे व मलाशयाचे रुग्ण सुमारे ७० हजार होते आणि या आजाराने सुमारे ४१ हजार मृत्यू झाले. आपल्या चौथाई लोकसंख्येच्या अमेरिकेत दरवर्षी दीड लाखांच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. म्हणजे दराच्या हिशेबाने हा आजार आपल्याकडे अजूनही कमीच आहे. वऱ्हाडात तर कर्करोग म्हटला की पहिले नाव तोंडाच्या कर्करोगाचे येते, आणि खर्रा व तंबाखू पाहता ते साहजिकच आहे.

मग तरुणांचा प्रश्न येतो कोठून? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या ८०० नव्या रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षे भरले. अमेरिकेत हा आजार आढळण्याचे मध्यम वय पासष्टीच्या आसपास आहे. टाटाच्या रुग्णांपैकी ५७ टक्क्यांना शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार होती, ४४ टक्क्यांना पोटदुखी होती, तर २६ टक्क्यांच्या शौचाच्या सवयी बदललेल्या होत्या. सुमारे ४२ टक्के रुग्णांची गाठ मलाशयात होती. १३ टक्के गाठी मुद्रिकापेशी प्रकारच्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली खडा बसवलेल्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या या पेशींचा कर्करोग अधिक आक्रमक समजला जातो आणि पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते.

या सरासरी वयावरून 'भारतीय तरुणांना हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा अधिक होतो' असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो, वृत्तपत्रांनाही होतो. तो बरोबर नाही. भारताची लोकसंख्याच तरुण आहे. ज्या गावात शंभरपैकी सत्तर माणसे पन्नाशीच्या आतली, तेथे रुग्णांतही तरुणांचा वाटा मोठा दिसणारच. शिवाय वृद्धांमध्ये या आजाराचा दर आपल्याकडे पाश्चात्त्य देशांइतका चढलेला नाही, त्यामुळे सरासरी आणखी खाली येते. तिसरे कारण वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागू नये. पस्तिशीच्या मुलासाठी घर शेत गहाण ठेवून परळ गाठते. पंचाहत्तरीचे आजोबा 'आता काय करायचे मुंबईला जाऊन' म्हणत घरीच राहतात. मोठ्या रुग्णालयाच्या यादीत आजोबांचे नाव कधी येतच नाही.

असे असले तरी दिलासा मानून बसण्याचे कारण नाही. दर कमी असो वा अधिक, भारतीय रुग्णालयांत येणारा या आजाराचा रुग्ण प्रत्यक्षात पुष्कळदा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, हे सत्य उरतेच. त्याच्यामागे शाळेत जाणारी मुले असतात. 'या वयात कर्करोग नसतो' हे वाक्य म्हणूनच धोकादायक आहे.

जगभर काय घडते आहे

अमेरिकेत पन्नाशीनंतरच्या लोकांमध्ये तपासण्यांमुळे हा आजार घटत असताना पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र तो १९९० च्या दशकापासून वाढत आहे. तेथील कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि मलाशयाच्या कर्करोगाचा धोका चौपट आहे. 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला, तेव्हा जगभर याची चर्चा झाली. त्याचे निदान २०१६ मध्ये झाले होते. २०२१ मध्ये अमेरिकेने सर्वसामान्यांच्या तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ५० देशांच्या पाहणीत २७ देशांत तरुणांमधील प्रमाण वाढत असल्याचे दिसले.

कारणांबाबत शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. लठ्ठपणा, बैठे काम, मद्य, धूम्रपान, प्रक्रिया केलेले मांस, तंतुमय पदार्थांची कमतरता यांचा या आजाराशी संबंध प्रस्थापित झाला आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. पण व्यायाम करणारे, सडपातळ, निर्व्यसनी तरुणही यात सापडतात, त्याचे काय? एप्रिल २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्यातील ई-कोलाय जिवाणूंच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएवर ठरावीक ठसा सोडते. हा ठसा चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत सत्तरीनंतर झालेल्यांच्या तिपटीहून अधिक आढळला. तो बहुधा बालपणातच, पहिल्या दहा वर्षांत उमटतो, असा संशोधकांचा कयास आहे. या ११ देशांत भारत नव्हता, आणि ठसा सापडणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. तरीही आजाराची मुळे तरुणपणीच्या खाण्यापिण्यापेक्षा मागे, लहानपणात असू शकतात, ही शक्यता विचार करायला लावणारी आहे.

ज्वारी गेली, गहू-मैदा आला

आपल्याकडे हा आजार कमी का, याचे उत्तर देताना अभ्यासक भारतीय आहाराकडे बोट दाखवत आले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तेथील ग्रामीण भागात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अत्यल्प दिसले होते. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि दिवसभराचे शेतकाम हे तेथील जीवन होते. वऱ्हाडही तेव्हा वेगळा नव्हता. कापसाच्या जोडीने ज्वारी आणि तूर हीच येथील पिके. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र गिळले आणि घरातील ताटातही भाकरीच्या जागी पोळी आली. पोळीत वाईट काही नाही. पण सकाळी बिस्किट-टोस्ट, दुपारी समोसा-कचोरी आणि रात्री उशिरा गाडीवरचे नूडल्स असा दिवस घालवणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या तरुणाच्या पोटात तंतुमय पदार्थ जातात तरी किती, हा प्रश्न उरतो. तंतू मळ पुढे सरकवतात आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे अन्न ठरतात; त्या जिवाणूंनी तयार केलेली आम्ले अस्तराचे पोषण करतात. ठेचा-भाकर, चुन-भाकर हे केवळ गरिबाचे जेवण नव्हते, एवढे म्हणता येईल. मात्र भाकरी खाणाऱ्याला हा आजार होतच नाही, असे कोणी समजू नये.

पूर्णा काठच्या खारपाणपट्ट्यातील पाणी आणि कपाशीवरील फवारणी यांवर प्रत्येक आजाराचे खापर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. खारे पाणी आणि मूत्रपिंड किंवा फवारणी आणि विषबाधा हे विषय गंभीर आहेतच. पण त्यांचा आतड्याच्या कर्करोगाशी थेट संबंध जोडण्याइतका पुरावा नाही.

शरीर कोणते इशारे देते

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पन्नाशीच्या आतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षे आधी चार इशारे ठळकपणे दिसत होते : पोटदुखी, शौचावाटे रक्त, दीर्घकाळ जुलाब आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. एक लक्षण असले तर धोका जवळपास दुप्पट, तीन किंवा अधिक असली तर साडेसहा पट. म्हणजे शरीर दोन-दोन वर्षे आधीपासून सांगत असते.

रक्ताविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण हे बोलायला माणसे लाजतात. शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब पडणे बहुतेक वेळा मूळव्याधीचे असते. रक्त मळात मिसळलेले असेल, काळपट असेल, सोबत आव असेल, तर शंका वाढते. मात्र मलाशयातील गाठीचे रक्तही लालभडक असू शकते. त्यामुळे केवळ रंगावरून कोणीही, अगदी अनुभवी डॉक्टरनेही, निकाल देऊ नये. जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे, मळ पेन्सिलीसारखा बारीक होणे, कधी बद्धकोष्ठता तर कधी जुलाब असा फेरा तीन-चार आठवड्यांहून अधिक चालणे, ही मलाशयातील गाठीची भाषा आहे.

उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठ मात्र अशी बोलत नाही. तेथे मळ पातळ असतो, अडथळा उशिरा येतो आणि रक्त डोळ्यांना न दिसता झिरपत राहते. माणूस फक्त थकतो, जिना चढताना धापा टाकतो. विदर्भात रक्तक्षय इतका सर्रास आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मेळघाटापासून पूर्वेकडे सिकलसेल आहे, कुपोषण आहे, जंत आहेत. बाई असेल तर पाळीचे कारण तयारच असते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, हिमोग्लोबिन थोडे वाढते, पुन्हा उतरते. पुरुषाच्या शरीरातील लोह कमी होत असेल, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे होत असेल, तर ते जाते कोठे, हे शोधल्याशिवाय गोळ्यांवर समाधान मानू नये, हा वैद्यकाचा जुना नियम आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोच सर्वांत आधी विसरला जातो.

बोटाची तपासणी

या आजारात सर्वांत स्वस्त उपकरण डॉक्टरांच्या हातालाच असते. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीत मलाशयाच्या खालच्या भागातील गाठ हाताला लागते. टाटाच्या अभ्यासातील ४२ टक्के गाठी मलाशयातल्या होत्या, हे येथे आठवावे. तपासणीला एक मिनिट लागतो आणि खर्च हातमोज्याचा. तरीही ती टळते; रुग्ण संकोचतो, डॉक्टरांना वेळ नसतो, तपासायला वेगळी खोली नसते, स्त्री रुग्ण आणि पुरुष डॉक्टर असल्यास तर विषयच निघत नाही. मूळव्याधीचे कोणतेही उपचार, मग ते शस्त्रक्रियेचे असोत, इंजेक्शनचे असोत वा आयुर्वेदातील क्षारसूत्राचे, या तपासणीशिवाय सुरू करू देऊ नयेत. 'आधी तपासा, मग उपचार करा' असे म्हणण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

त्यापुढची पायरी कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी हलका आहार, मग पोट साफ करणारे औषध आणि दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन लवचिक दुर्बिणीने संपूर्ण मोठ्या आतड्याची पाहणी. संशयित जागेचा तुकडा काढून तो तपासला जातो. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत पोटविकारतज्ज्ञांकडे ही सोय आहे. मळातील अदृश्य रक्त शोधणारी साधी चाचणीही उपलब्ध आहे, पण उघड रक्त दिसत असताना तिच्यावर विसंबू नये.

भारतात शासनाच्या कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. आतड्याचा नाही. आपल्याकडील कमी दर पाहता सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करणे परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. म्हणूनच लक्षणे ओळखण्यावर आणि घराण्याच्या इतिहासावर अधिक भिस्त ठेवावी लागते. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा तपासणी करावी, असा संकेत आहे. वडिलांना ४२ व्या वर्षी झाला, तर मुलाने ३२ व्या वर्षी. लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक दोषात एकाच घराण्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या दिसतो. तरुण रुग्णांपैकी बहुसंख्यांना मात्र असा वारसा नसतो.

उपचार, आणि तरुणांचे वेगळे प्रश्न

आजार आतड्यापुरता असताना सापडला तर अमेरिकेतील आकडेवारीनुसार दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. यकृत-फुफ्फुसापर्यंत पसरल्यावर हे प्रमाण सातपैकी एकाच्या आसपास उतरते. दालमिलमधील तरुणाने घालवलेल्या त्या एका वर्षाचे मोल या दोन आकड्यांतील अंतराएवढे असू शकते.

शस्त्रक्रिया हा उपचाराचा कणा. मलाशयाच्या गाठीत बहुधा आधी किरणोपचार व केमोथेरपी देतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर पोटावर मळासाठी कृत्रिम मार्ग करावा लागतो. कधी तो तात्पुरता असतो, कधी कायमचा. लग्न व्हायचे असलेल्या तरुणाला ही पिशवी कर्करोगाहून भयंकर वाटते आणि काहीजण त्यामुळेच शस्त्रक्रिया नाकारून पुन्हा 'बिनऑपरेशन' फलकाकडे वळतात. पिशवी बांधून माणसे नोकरी करतात, शेती करतात, प्रवास करतात. दुसरी बाब आपल्याकडे विचारलीच जात नाही. ओटीपोटावरील किरणोपचारांनी अपत्यक्षमता जाऊ शकते. उपचार सुरू होण्यापूर्वी शुक्राणू किंवा स्त्रीबीजे गोठवून ठेवता येतात. डॉक्टरांनी सांगितले नाही तर रुग्णाने विचारावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

वऱ्हाडातील रुग्णाला अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आणि संत तुकाराम रुग्णालय, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय व विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, तर नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था हे पर्याय आहेत. २०१२ मध्ये राज्य शासनाची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती ओळखली जाते आणि जुलै २०२४ पासून तिचे संरक्षण वर्षाला प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत आहे. संलग्न रुग्णालयात शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राला भेटावे लागते. अडचण एवढीच की ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कोलोनोस्कोपी आणि तुकड्याची तपासणी हा पहिला खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो, आणि उशीर नेमका तेथेच होतो.

ज्यांना मुंबई गाठावीच लागते, त्यांच्यासाठी अमरावती-मुंबई एक्स्प्रेस रात्रभरात पोहोचवते. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत असून शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ आहे. सोबत्यालाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पहिल्या खेपेला ते हाती नसते, म्हणून स्थानिक रुग्णालयातून निदान झाल्याबरोबर मागून घ्यावे. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या या संताच्या नावाने उभ्या असलेल्या वास्तूत राज्यभरातून, परराज्यांतून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तेथे जागा मिळण्यासाठी रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात. बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या आणि स्कॅनच्या मूळ फिल्म सोबत असल्या तर परळच्या खिडकीवरील निदान दोन हेलपाटे वाचतात.